काळा बुश पुन्हा पुन्हा झिजतोय? आधी शाफ्ट बघा

नाशिकच्या अंबड-सातपूरचे गाळे, सिन्नरचं माळेगाव-मुसळगाव, पिंपळगाव-लासलगाव पट्ट्यातल्या कांद्याच्या ग्रेडिंग लाइन, कुठेही गेलं तरी एक तक्रार हमखास ऐकू येते. कन्व्हेयरच्या किंवा मिक्सरच्या शाफ्टवरचा काळा प्लास्टिकचा बुश, म्हणजे फिरत्या शाफ्टला आधार देणारी नळी, झिजला, नवा टाकला, आणि तोही तितक्याच दिवसांत गेला. मग ग्रेड बदलायला सुरुवात होते. नायलॉन होतं तिथे टेफ्लॉन येतं, ग्रॅफाइट होतं तिथे कार्बन फायबर येतं. बिल वाढत जातं आणि बुश जुन्याच वेळापत्रकाने जात राहतो.

असे बुश टर्न करून देणं हा माझा धंदा आहे. त्यामुळे झिजलेले बुश रोज हातात येतात, पण ते ज्या शाफ्टवर फिरले तो शाफ्ट क्वचितच बघायला मिळतो. आणि उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. घर्षण आणि झीज हे एकट्या बुशाच्या मटेरियलचे गुण नाहीत, बुश आणि शाफ्ट या जोडीचे आहेत. कॅटलॉगमधला आकडा एका ठरावीक शाफ्टवर, ठरावीक फिनिशवर, ठरावीक वेगाला काढलेला असतो. तुमचा शाफ्ट तसा नसेल तर तो आकडा तुमच्या कामाचा नाही.

आतमध्ये नेमकं काय चालतं

टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, घसरायला अप्रतिम. कोरड्या स्टीलवर त्याचा घर्षण गुणांक ०.०५ ते ०.१ च्या आसपास असतो. पण शुद्ध टेफ्लॉन झिजतंही तितक्याच सहज. त्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवत नाहीत, म्हणून घासताना मोठाले पापुद्रे सुटतात आणि बाहेर फेकले जातात. त्यात २५ टक्क्यांपर्यंत कार्बन किंवा ग्रॅफाइट भरलं की झीज शंभर ते हजार पटींनी खाली येते, आणि घर्षण मात्र थोडंच वाढतं.

हे दोन गोष्टींमुळे घडतं. कार्बनचे कठीण कण भार स्वतःवर घेतात आणि मोठे पापुद्रे सुटू देत नाहीत. त्यामुळे सुटणारा भुगा बारीक होतो, आणि हा बारीक भुगा शाफ्टवर पातळ थर होऊन चिकटतो. पहिल्या काही तासांत बुश थोडा भराभर झिजतो तो हा थर बसवण्यासाठीच. एकदा थर बसला की पुढे बुश उघड्या स्टीलवर नाही, स्वतःच्याच थरावर घासतो. नायलॉन, एसिटल, पीक या सगळ्या प्लास्टिकांमध्ये तपशील वेगळे असले तरी थराचं महत्त्व कायम राहतं.

ग्रॅफाइटची मदत आणखी वेगळी. त्याचे थर एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटरवर असतात आणि एकमेकांवरून सहज सरकतात. शिवाय उष्णता वाहून नेण्यात तो प्लास्टिकच्या कितीतरी पुढे आहे. झिजणाऱ्या पृष्ठभागावरची उष्णता बाहेर गेली नाही तर नायलॉन आधी मऊ पडतं आणि मग लोण्यासारखं ओढलं जातं.

शाफ्ट कसा बघायचा

मशीन बंद करा, बुश काढा, आणि शाफ्टला कापड लावू नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. फिटरच्या हातात बनियनचा तुकडा असतोच आणि शाफ्ट पुसणं ही त्याची सवय असते. पुसला की पुरावा गेला. बॅटरीचा उजेड शाफ्टवर जवळजवळ आडवा पाडा आणि भिंगातून बघा. मग नख शाफ्टच्या लांबीच्या दिशेने, बुश जिथे बसतो त्या पट्ट्यावरून ओढा.

पट्ट्यावर एकसारखी, पातळ, करड्या रंगाची झाक दिसली, नखाला काही लागलं नाही आणि खालचं ग्राइंडिंग अंधुक दिसत असलं, तर थर चांगला बसलाय. अशा वेळी शाफ्टला दोष देऊ नका, सरळ खालच्या भार आणि वेगाच्या हिशोबाकडे जा.

पट्टा चकचकीत, नव्यासारखा दिसला तर ते चांगलं लक्षण नाही. तिथे थर बसतच नाही, किंवा कोणीतरी तो काढतंय. काळे गठ्ठे, मधेच जाड मधेच उघडं स्टील असं दिसलं, तर थर बसतो पण टिकत नाही. उष्णता, ग्रीस किंवा फार खडबडीत पृष्ठभाग, यांपैकी एक कारण तिथे असतं. आणि नख टकटक करत गोल चरांवरून गेलं, तर शाफ्टच कापला जातोय. तिथे नवा बुश टाकणं म्हणजे तो कानशीवर ठेवणं.

थर काढणारे हात

चकचकीत पट्टा दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, सुट्टीच्या दिवशी मेंटेनन्समध्ये काय करता? उत्तर बहुधा हेच येतं: शाफ्ट थिनरने पुसतो, डाग राहिले तर पॉलिश पेपर मारतो. काम मनापासून केलेलं असतं, पण त्याने बसलेला थर साफ निघून जातो. सोमवारी मशीन सुरू झालं की बुशाला पुन्हा स्वतःचं मटेरियल खर्चून नवा थर बसवावा लागतो. म्हणजे सुरुवातीची ती जलद झीज एकदाच होण्याऐवजी दर आठवड्याला होते. वर पॉलिश पेपरचे आडवेतिडवे ओरखडे.

कोरड्या बुशावरचा शाफ्ट पुसायचाच असेल तर कोरड्या ब्रशने मोकळा भुगा झाडा आणि थांबा. करडी झाक म्हणजे घाण नाही, ती बुशाची कमाई आहे. हे फिटरला समोर बसवून, भिंगातून दाखवून सांगितलं की तो पुन्हा थिनर उचलत नाही. नुसती नोटीस लावून हे होत नाही.

ग्रीसचंही असंच. कोरडं चालण्यासाठी बनवलेल्या भरीव (म्हणजे कार्बन किंवा ग्रॅफाइट भरलेल्या) टेफ्लॉनच्या बुशाला 'थोडं असू दे' म्हणून ग्रीस लावलं की थर शाफ्टला धरतच नाही. त्यातून कांद्याच्या लाइनवर असाल तर ग्रीस पातीचा कचरा आणि माती पकडून ठेवतं. आपली काळी माती बसॉल्टच्या झिजेतून आलेली आहे. त्यातले बारीक खनिज कण साध्या ईएन-८ स्टीलच्या शाफ्टपेक्षा कितीतरी कठीण असतात. असा कण मऊ बुशात रुतून बसतो आणि तिथून शाफ्टवर चर पाडत राहतो. मग गोंधळात टाकणारं चित्र दिसतं: बुश कमी झिजलेला आणि शाफ्ट खाल्लेला. अशा जागी सगळ्यात आधी सील आणि फेल्टची रिंग नीट करा. धूळ आत जात असेल तर कोणतंही फिलर (प्लास्टिकमध्ये भरलेला माल) तिला पुरं पडत नाही.

शाफ्टचं फिनिश आणि कठीणपणा

लेथवर नुसता टर्न केलेला शाफ्ट साधारण १.६ ते ३.२ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं माप) इतका खडबडीत असतो. भरीव टेफ्लॉनला हवा असतो ०.२ ते ०.४ मायक्रॉनचा, म्हणजे ग्राइंड केलेला. खडबडीत शाफ्ट बुश खरवडतो हे सगळ्यांना पटतं. पण आरशासारखा शाफ्ट केला तरी काम बिघडतं हे लवकर पटत नाही. भुग्याला धरायला बारीक खोबणी लागते. ती नसेल तर थर चिकटत नाही. म्हणून बफिंग करून आणलेला शाफ्ट पाहिला की मला आनंद होत नाही.

कठीणपणाचा मुद्दा ग्लास फायबरच्या बाबतीत फार जड पडतो. ग्लास भरलेलं नायलॉन ताकदीला उत्तम, पण काचेच्या तंतूंची टोकं एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) किंवा ॲल्युमिनियमसारख्या मऊ धातूला ओरबाडतात. त्यातून सुटलेला धातूचा भुगा बुशात रुतला की दोघंही जातात. कार्बन फायबरचे तंतू साधारण ७ मायक्रॉन जाडीचे असतात. ते ग्लासपेक्षा हलके, कमी ओरबाडणारे आणि उष्णता काढून नेणारे. एसएसच्या शाफ्टवर ग्लासचा बुश सतत झिजत असेल तर ग्लास काढून कार्बनकडे जाणं, हा एक बदल मी डोळे मिटून सुचवतो. तरीही मऊ ३०४ वर कार्बन फायबरही थोडेफार ओरखडे पाडतंच. भार जास्त असेल तर शाफ्टवर हार्ड क्रोम करून ग्राइंड केलेली स्लीव्ह चढवा. बुशाच्या महागड्या ग्रेडपेक्षा हा खर्च लवकर वसूल होतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कार्बन वीज वाहतो आणि धातूंपुढे तो 'उच्च' ठरतो, म्हणजे पाण्यात दोघं भिडले की गंज धातूलाच लागतो. क्रेट धुण्याच्या मशीनसारख्या ठिकाणी, जिथे क्लोरीनचं पाणी सतत असतं, तिथे जास्त ग्रॅफाइटचा बुश एसएसला किंवा ॲल्युमिनियमला चिकटून राहिला की धातूला खड्डे पडू शकतात. ओल्या जागी बुशाखालचा शाफ्ट टोचल्यासारखा दिसला तर झिजेबरोबर गंजाचाही विचार करा.

काळं म्हणजे ग्रॅफाइट असेलच असं नाही

आता बुशाकडे. बाजारात 'कार्बनवालं' म्हणून मिळणाऱ्या काळ्या रॉडमध्ये चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिली, नुसता रंग: एक-दोन टक्के कार्बन ब्लॅक. उन्हापासून संरक्षण म्हणून तो उत्तम, पण घर्षणासाठी त्याच्यावर भरवसा ठेवू नये. दुसरी, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. ते घर्षणासाठीच असतं, पण ते कार्बन नव्हे. तिसरी ग्रॅफाइटची पूड आणि चौथी कार्बन फायबर. वरून बघून या चौघांत फरक करता येत नाही, आणि किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नायलॉनच्या बाबतीत वजनाची चाचणी गाळ्यातच करता येते. तुकडा आधी हवेत तोला, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोला, आणि घनता काढा. साध्या नायलॉन ६ ची घनता १.१४. रंगापुरतं कार्बन ब्लॅक असेल तर ती १.१५ च्या पुढे फारशी जात नाही. वजनाने १० टक्के ग्रॅफाइट असेल तर ती १.२० च्या आसपास येते, २० टक्के असेल तर १.२६ च्या. ३० टक्के ग्लास असेल तर १.३६. बिलावर '२० टक्के ग्रॅफाइट' आणि काट्यावर १.१५ आलं, तर पुढे काय बोलायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. ग्लासची शंका असेल तर नायलॉनची छोटीशी चकती उघड्यावर जाळून बघा. ग्लास असेल तर पांढऱ्या तंतूंचा सांगाडा मागे उरतो.

टेफ्लॉनला यातलं काहीच लावू नका. तिथे कार्बन भरल्यावर घनतेत पडणारा फरक इतका कमी असतो की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आणि टेफ्लॉन तर चुकूनही जाळू नका. फार तापल्यावर त्यातून विषारी वायू निघतात. तिथे टीजीए चाचणीच हवी, म्हणजे तुकडा तापवत त्याचं वजन कसं घटतं ते मोजणारी. ती सिपेटसारख्या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेत किंवा खासगी लॅबमध्ये होते.

कास्ट नायलॉनच्या रॉडमध्ये आणखी एक गोष्ट तपासा. ग्रॅफाइट वितळलेल्या मालापेक्षा जड असतं, त्यामुळे ओतताना ते खाली बसू शकतं. एकाच रॉडच्या दोन टोकांच्या घनता वेगळ्या आल्या तर एका टोकाचे बुश टिकतील आणि दुसऱ्या टोकाचे जातील. 'एकाच लॉटमधला एक बुश चालला आणि एक गेला' या तक्रारीमागे हे कारण मला पुन्हा पुन्हा सापडलंय.

आणि 'ग्रॅफाइट वाढवून द्या' ही मागणी. जे थर सरकण्यासाठी चांगले, तेच भार आला की सुटतात. प्रमाण वाढवत गेलं की नायलॉन ठिसूळ होतं आणि कडा तुटतात. म्हणूनच पीकच्या बेअरिंग ग्रेडमध्ये १० टक्के कार्बन फायबर, १० टक्के ग्रॅफाइट आणि १० टक्के टेफ्लॉन असा मेळ घालतात: एक भार घ्यायला, एक घसरायला, एक थर बसवायला.

भार आणि वेगाचा हिशोब

शाफ्टवरचा थर चांगला आहे, माल खरा आहे, तरी बुश जातोय. तर मग कागद घ्या. समजा शाफ्ट ४० मिमी, बुशाची लांबी ४० मिमी, भार ५०० न्यूटन, फेरे मिनिटाला ३००. दाब म्हणजे भार भागिले (व्यास गुणिले लांबी): ५०० ÷ १६०० = ०.३१ न्यूटन प्रति चौरस मिमी. वेग: ३.१४ × ०.०४ × ३०० ÷ ६० = ०.६३ मीटर प्रति सेकंद. दोघांचा गुणाकार साधारण ०.२.

या गुणाकाराला झिजेच्या दराने आणि वेळेने गुणलं की झिजेची खोली मिळते. चांगल्या कार्बन भरलेल्या टेफ्लॉनचा दर १०⁻⁶ घन मिमी प्रति न्यूटन-मीटर धरला, तर १००० तासांत साधारण ०.७ मिमी झीज. शुद्ध टेफ्लॉनला १०⁻⁴ धरला तर एक मिमी जायला १४ तास पुरतात. आता बघा, तुमचा बुश १००० तासांत ०.७ मिमी झिजत असेल तर तिथे काही बिघडलेलंच नाही. तो त्याच्या हिशोबानेच झिजतोय. तिथे ग्रेड बदलून फार मिळणार नाही. बुश दुप्पट लांब करा, दाब निम्मा होईल. किंवा फेरे कमी करता येतात का ते बघा.

उष्णतेचंही गणित याच कागदावर करा. घर्षण गुणांक ०.२ धरला तर ०.२ × ५०० × ०.६३, म्हणजे ६० वॉटहून जास्त उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. ती बाहेर पडते मुख्यतः शाफ्टमधून, आणि एसएस ३०४ साध्या स्टीलच्या मानाने उष्णता फार हळू वाहतं. एमएसचा, म्हणजे साध्या स्टीलचा, शाफ्ट बदलून 'चांगला' एसएसचा टाकल्यावर बुश वितळू लागले, अशी तक्रार आली तर आश्चर्य वाटायला नको.

पावसाळ्यात जॅम होणारे बुश

हा प्रकार वेगळा, आणि थोडक्यात सांगण्यासारखा. नायलॉन ६ पाणी पितं. पूर्ण भिजलं तर वजनाच्या नऊ-दहा टक्के. बुश हाउसिंगमध्ये ठोकलेला असतो, बाहेर फुगायला जागा नाही, मग बोअर, म्हणजे आतलं भोक, लहान होतं आणि शाफ्ट आवळला जातो. शिवाय प्रेस फिटमध्ये बाहेरून जितकं दाबाल, जवळपास तितकंच बोअर आकसतं. गनमेटलच्या बुशाचा क्लिअरन्स (शाफ्टभोवतीची मोकळी जागा) नायलॉनला ठेवला तर जून-जुलैत हे होणारच. बोअर ठोकल्यावर फायनल करा, क्लिअरन्स मोकळा ठेवा, आणि कायम ओल्या जागी नायलॉनऐवजी एसिटल किंवा भरीव टेफ्लॉन वापरा.

नायट्रोजनच्या कॉम्प्रेसरमधल्या रिंगा

दिंडोरी-गंगापूर पट्ट्यात वाइनच्या टाक्यांवर नायट्रोजन ठेवतात. ऑइल-फ्री कॉम्प्रेसरच्या ज्या कार्बन-टेफ्लॉनच्या रिंगा हवेवर छान चालतात, त्याच कोरड्या नायट्रोजनवर भराभर जातात. याचं कारण ग्रॅफाइटच्या स्वभावात आहे. त्याचे थर सहज सरकायला पाण्याच्या वाफेची थोडी साथ लागते. ती नसली की घर्षण चढतं आणि ग्रॅफाइटची धूळ होते. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे कार्बन ब्रश असेच भराभर झिजू लागले होते. तिथली हवा फार कोरडी होती.

यावरून काही जण एप्रिल-मेमधल्या आपल्या कोरड्या हवेला दोष देतात. तो चुकीचा आहे. ३८ अंशांना १५ टक्के आर्द्रता असली तरी हवेत साधारण १००० पास्कल दाबाची वाफ असते. उणे ४० अंश दवबिंदूच्या, म्हणजे फार सुक्या, वायूत ती १३ पास्कलच्या आसपास उरते. ग्रॅफाइटला नाशिकचा उन्हाळा सहज चालतो, सुका नायट्रोजन चालत नाही. तिथे सुक्या वायूसाठीची वेगळी ग्रेड मागा. मॉलिब्डेनम डायसल्फाइड कोरड्यातच जास्त चांगलं चालतं आणि ओलाव्यात बिघडतं, म्हणजे अगदी उलट.

ग्राफीन आणि नॅनोट्यूबबद्दल

हल्ली कार्बनच्या या अतिसूक्ष्म प्रकारांबद्दलही विचारलं जातं. अगदी थोड्या प्रमाणातही ते झीज कमी करू शकतात हे खरं आहे. पण ते मालात एकसारखे पसरले तरच. हे कण एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात, आणि गठ्ठा म्हणजे बुशातली कमजोर जागा. कन्व्हेयरच्या बुशासाठी आज तरी मी हा खर्च सुचवणार नाही. शाफ्ट ग्राइंड करून घ्या, त्याच पैशात जास्त मिळेल.

द्राक्षांच्या पॅकहाउससाठी मात्र वेगळा विचार करावा लागतो. काळा बुश चांगला चालत असला तरी त्याचा काळा भुगा पडतोच, आणि एक्स्पोर्टच्या मालावर एक काळा ठिपका दिसला तरी अख्खा क्रेट बाजूला निघतो. फळाच्या वर येणाऱ्या जागी काळं फिलर वापरूच नका. तिथे अन्नासाठी चालणारी फिकट ग्रेड घ्या, ती लवकर झिजेल हे मान्य करून बदलण्याची तारीख आधीच ठरवा. कार्बन फायबरचा बुश लेथवर टर्न करणाऱ्यांसाठीही एक सूचना: सक्शन लावा, मास्क घाला. ती धूळ वीज वाहते, आणि पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट करते.

बुशाबद्दल कोणाला विचारायला जाल तेव्हा झिजलेला बुश न पुसता पिशवीत घाला, शाफ्टच्या पट्ट्याचा आडव्या उजेडात काढलेला फोटो घ्या, आणि शाफ्टचं मटेरियल, फिनिश, भार, फेरे, चाललेले तास आणि शाफ्ट कशाने पुसता हे कागदावर लिहून न्या. ग्रेडचं नाव सगळ्यात शेवटी सांगितलं तरी चालेल.